लहान मुलांच्या एक्स-रेवर डावी-उजवी बाजू कशी नोंदवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एक्स-रे टेक्निशियन, रेडिओलॉजीचे निवासी डॉक्टर, बालरोग विभागातल्या परिचारिका आणि मुलाची फिल्म हातात घेऊन घरी जाणारे पालक यांच्यासाठी आहे. काही उत्तरे केवळ टेक्निशियनच्या कामाची आहेत. पालकांनी शेवटचे दोन-तीन प्रश्न आधी वाचले तरी चालेल.

डावी म्हणजे नेमकी कोणाची डावी?

कायम मुलाची. टेक्निशियनची नाही, आईची नाही आणि स्क्रीनसमोर बसलेल्या डॉक्टरांचीही नाही. छातीचा किंवा पोटाचा एक्स-रे पाहताना मूल आपल्याकडे तोंड करून उभे आहे असे धरतात. त्यामुळे मुलाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. म्हणून 'उजवीकडे डाग आहे' हे वाक्य एकटे कधी वापरू नये. 'मुलाच्या उजव्या फुप्फुसात' असे म्हणावे आणि रिपोर्टमध्येही तसेच लिहावे.

फिल्म पाहण्याच्या या पद्धतीला एक अपवाद आहे, तो पाठीच्या कण्याचा. त्याबद्दल पुढे स्वतंत्र उत्तर दिले आहे.

हृदय डावीकडे दिसतेच, मग छातीच्या फिल्मवर मार्कर (बाजू सांगणारे अक्षर) हवाच कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि चुकाही इथेच होतात. हृदयाचे टोक डावीकडे, जठरातल्या हवेचा काळा फुगा डावीकडे, यकृताची पांढरी सावली उजवीकडे, ही मांडणी बहुतेक मुलांत असते हे खरे. पण काही मुलांत सगळे अवयव आरशात पाहिल्यासारखे उलट बाजूला असतात. या स्थितीला सायटस इन्व्हर्सस म्हणतात. साधारण दहा हजारांत एका मुलात ती आढळते. अशा मुलाची बरोबर काढलेली फिल्म आणि सामान्य मुलाची चुकून उलटलेली फिल्म शेजारी ठेवली, तर सावल्यांवरून दोन्हींत फरक करता येत नाही. कोणती फिल्म काय आहे हे सांगणारी एकच गोष्ट त्या फिल्मवर असते, ती म्हणजे एक्स्पोजरच्या, म्हणजे किरण सोडण्याच्या, वेळी ठेवलेले शिशाचे अक्षर.

आता मार्कर नसेल तर काय होते ते पाहा. हृदय उजवीकडे दिसले की टेक्निशियन म्हणतो 'उलटी आली' आणि सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर सुलटी करतो. मुलाचे निदान तिथेच पुसले जाते. प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया या आजारात श्वासनलिकेतले सूक्ष्म केस नीट हलत नाहीत आणि सुमारे निम्म्या रुग्णांत अवयव उलट बाजूला असतात. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मतःच धापा टाकते, पुढे बारा महिने ओला खोकला, सर्दी आणि कानाची दुखणी चालू राहतात, आणि या सगळ्याला जोडणारा पहिला धागा छातीच्या फिल्मवर असतो. तो धागा आपल्या हाताने तोडू नये.

हृदय उजवीकडे आणि जठराचा फुगा डावीकडे असेल, तर प्रकरण आणखी वेगळे. फिल्म कशीही उलटा, मांडणी सामान्य होतच नाही. अशा बाळात हृदयाचे जन्मजात दोष असण्याची शक्यता बरीच असते. पण त्याच वेळी डाव्या बाजूचा डायफ्रॅग्मॅटिक हर्निया, म्हणजे श्वासपटलातल्या भोकातून आतडी छातीत चढणे, हेही डोक्यात हवे. त्यात हृदय मुळात जागेवरच तयार झालेले असते, आतड्यांनी ते उजवीकडे ढकललेले असते. हा हर्निया दहापैकी आठ-साडेआठ बाळांत डाव्या बाजूला असतो. म्हणून बाजूची खात्री नसलेली फिल्म शल्यचिकित्सकाच्या हाती देणे धोक्याचे आहे.

हातापायाच्या फिल्मवर तरी बाजू कळत असेल?

नाही. छातीत निदान अंदाजाला काही आधार असतो, हातापायात तोही नसतो. डाव्या हाताची फिल्म उलटली की ती हुबेहूब उजव्या हाताची दिसते. अंगठा कोणत्या बाजूला आहे हे पाहून काही सिद्ध होत नाही, कारण फिल्म उलटली की अंगठाही बाजू बदलतो. मुलाच्या कोपराच्या फ्रॅक्चरमध्ये किंवा चालायला लागलेल्या बाळाच्या नडगीला गेलेल्या बारीक तड्यात सूज पुष्कळदा थोडीच असते. मूल रडत असल्यामुळे दुखरी बाजू नीट तपासताही येत नाही. प्लॅस्टर घालणारा डॉक्टर तेव्हा फिल्मवरच्या अक्षरावर विसंबतो.

शिशाचा मार्कर आणि संगणकावर टाकलेले अक्षर यांत फरक काय?

शिशाचे अक्षर किरणांच्या वाटेत असते, म्हणून ते प्रतिमेचाच भाग होते. प्रतिमा उलटली की अक्षरही उलटते आणि चूक समोर दिसते. 'आर' (राइट, उजवी) किंवा 'एल' (लेफ्ट, डावी) आरशातल्यासारखे दिसले की समजावे, कुठेतरी उलटापालट झाली आहे.

संगणकावर नंतर टाकलेले अक्षर हा प्रतिमेवर चढवलेला मजकूर असतो. काही सिस्टिममध्ये प्रतिमा उलटली तरी हा मजकूर सुलटाच राहतो, आणि मग तो बिनबोभाट चुकीच्या बाजूला उभा असतो. दुसरी गोष्ट अशी, की ते अक्षर टाकले जाते तेव्हा मूल टेबलावरून उतरलेले असते, कधी कधी पुढचे मूल आत आलेले असते. टाकणारा माणूस आठवणीवर किंवा हृदयाच्या सावलीवर भरवसा ठेवतो. आमचे मत स्पष्ट आहे: मुलांच्या फिल्मवर शिशाचा मार्कर हाच नियम असावा. संगणकावरचे अक्षर जोडीला चालेल, त्याच्या जागी चालणार नाही.

मार्कर ठेवायचा क्रम कोणता?

मुलांच्या बाबतीत वेळ कमी असतो. मूल स्थिर राहते ते चार-पाच सेकंद. त्यामुळे मार्कर शेवटी आठवला तर राहूनच जातो. पुढचा क्रम हाताला बसवून घ्यावा:

१. मूल खोलीत येण्याआधी मागणीपत्र वाचून योग्य अक्षर हातात घ्या.
२. नाव आणि बाजू पालकांना विचारा. मूल बोलते असेल तर 'कुठे दुखतं ते बोटाने दाखव' म्हणा.
३. मुलाला ठेवण्याआधी अंदाजे जागी मार्कर डिटेक्टरवर किंवा कॅसेटवर (प्रतिमा टिपणाऱ्या पाटीवर) मायक्रोपोर पट्टीने चिकटवा.
४. मुलाला ठेवा, कोलिमेटरचा (किरणांचा चौकोन लहान-मोठा करणाऱ्या भागाचा) प्रकाश लावा आणि चौकोन हव्या त्या भागापुरता लहान करा.
५. मार्कर प्रकाशाच्या चौकोनात आहे का ते बघा. बाहेर गेला असेल तर मार्कर आत सरकवा. मार्करसाठी चौकोन मोठा करू नका.
६. अक्षर आणि मुलाचा तोच हात किंवा तीच कुशी एका नजरेत पाहा, मनात बाजूचे नाव घ्या, मग एक्स्पोजर द्या.

पाचव्या पायरीवर सर्वाधिक मार्कर हरवतात. प्रौढांसाठी केलेले मोठे अक्षर तान्ह्या बाळाच्या फिल्मवर बसतच नाही, म्हणून चौकोनाच्या कडेवर ठेवले जाते आणि अर्धे कापले जाते. बाळांसाठी सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान अक्षराची वेगळी जोडी ठेवावी. छातीच्या फिल्मवर खांद्याच्या वर, मानेच्या बाजूची मोकळी जागा किंवा काखेखाली शरीराबाहेरची पट्टी चांगली. फुप्फुस, बरगड्या, दंडाचे हाड यांच्यावर अक्षर येऊ देऊ नये. हातापायाला मार्कर बाहेरच्या कडेला, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेपासून दूरच्या बाजूला ठेवण्याचा प्रघात आहे.

एक्स्पोजर मोठ्या चौकोनात देऊन नंतर संगणकावर कडा कापण्याची सवय वाईट आहे. मुलाला नको तेवढे किरण मिळतात, आणि कडेला असलेला मार्कर त्या कापण्यात निघून जातो.

अक्षर सुलटे ठेवायचे की पालथे?

किरण समोरून येऊन पाठीकडे जात असतील, म्हणजे एपी, तर अक्षर ट्यूबकडे (जिथून किरण निघतात तिकडे) तोंड करून सुलटे ठेवा. किरण पाठीकडून येत असतील, म्हणजे पीए, तर अक्षर पालथे, डिटेक्टरकडे तोंड करून ठेवा. फिल्म पाहताना मूल आपल्याकडे तोंड करून आहे असे धरल्यावर दोन्ही वेळा अक्षर सरळ वाचता येते.

पीए फिल्मवर अक्षर सुलटे ठेवले गेले तर ते पाहताना उलटे दिसेल. बाजू तरीही बरोबरच असते. पण तेच उलटे अक्षर 'फिल्म उलटली आहे' असा इशाराही देते, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. सगळ्यांनी एकच पद्धत पाळली तरच त्या इशाऱ्याला अर्थ राहतो.

चुकीचा प्रोटोकॉल निवडला तर काय होते?

ही चूक डिजिटल मशीन आल्यापासून वाढली, म्हणून जरा सविस्तर. बऱ्याच डीआर (थेट डिजिटल एक्स-रे) सिस्टिम निवडलेल्या प्रोटोकॉलनुसार, म्हणजे मशीनमध्ये आधी ठरवलेल्या सेटिंगनुसार, प्रतिमा आपोआप उलटवतात. 'छाती पीए' निवडले की प्रतिमा आडवी उलटवून दाखवायची आणि 'छाती एपी' निवडले की तशीच ठेवायची, असे आत ठरलेले असते. काही ठिकाणी अक्षरही प्रोटोकॉलबरोबर आपोआप उमटते.

आता तान्हे बाळ उताणे झोपवून एपी काढले, पण मॉनिटरवर सवयीने मोठ्या माणसांचा 'छाती पीए' निवडला गेला. मशीनने प्रतिमा उलटवली आणि वर स्वतःचे अक्षर नेहमीच्या कोपऱ्यात छापले. स्क्रीनवर सगळे व्यवस्थित दिसते, फक्त हृदय उजवीकडे. याच्या उलट प्रकार एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतो. श्वासाच्या त्रासामुळे बाळाला पालथे ठेवलेले असते, फिल्मही पालथीच काढली जाते आणि प्रोटोकॉल मात्र उताण्या बाळाचा. दोन्ही वेळा फक्त शिशाचे उलटे दिसणारे अक्षरच चूक पकडून देते. बाळ पालथे असेल तर ते मागणीपत्रावर आणि प्रतिमेवर लिहावे.

इथे 'फिरवणे' आणि 'उलटवणे' यांतला फरक टीममधल्या प्रत्येकाला माहीत हवा. पोर्टेबल डिटेक्टर डोक्याच्या बाजूला उलट घातला गेला तर बाळ पायवर-डोकेखाली दिसते. ते ९० किंवा १८० अंशांत फिरवून सरळ करावे; फिरवल्याने डावे-उजवे बदलत नाही. उलटवण्याने, म्हणजे फ्लिपने, ते बदलते. सरळ करायच्या घाईत भलतेच बटण दाबले जाते. शक्य असेल तिथे फ्लिपचे बटण ठरावीक लोकांपुरतेच खुले ठेवावे.

एनआयसीयूमध्ये इन्क्युबेटरमधल्या बाळाला मार्कर कसा लावायचा?

मार्कर बाळाच्या त्वचेवर चिकटवू नये. कमी दिवसांच्या बाळाची त्वचा पट्टी काढताना सोलवटते. डिटेक्टर गादीखालच्या ट्रेमध्ये जात असेल तर मार्कर चादरीवर, बाळाच्या बाजूला चिकटवावा आणि काढल्यावर मोजून परत घ्यावा. सुटे शिशाचे अक्षर बाळाच्या अंथरुणात राहणे हा वेगळाच अपघात आहे. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलेच अक्षर वापरा आणि प्रत्येक बाळानंतर अल्कोहोल वाइपने पुसा. एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जाणाऱ्या वस्तूंत मार्कर असतो आणि तो धुवायची आठवण क्वचितच होते.

ईसीजीच्या वायरी, तापमानाचा प्रोब आणि व्हेंटिलेटरची नळी बाजूला घेताना मार्कर सरकतो. एक्स्पोजरच्या आधी एकदा पुन्हा पाहा.

नाभीतून घातलेल्या नळ्या बाजूची उलटतपासणी करायला उपयोगी पडतात. धमनीतली नळी नाभीपासून आधी खाली ओटीपोटात जाते, मग वळून मणक्याच्या किंचित डावीकडून वर चढते. शिरेतली नळी थेट वर, मध्यरेषेच्या उजवीकडून यकृताकडे जाते. नळ्या दिसतात तशा आणि मार्कर सांगतो तसे जुळत नसेल तर थांबा. मात्र नळ्यांवरून बाजू ठरवू नका, कारण अवयव उलटे असलेल्या बाळात त्याही उलटतात.

आडवी फिल्म आणि कुशीवरची फिल्म यांवर काय लिहायचे?

छातीच्या लॅटरलला, म्हणजे बाजूने काढलेल्या आडव्या फिल्मला, डिटेक्टरजवळ असलेल्या कुशीचे अक्षर ठेवतात. हातापायाच्या लॅटरलला त्या हाताचे किंवा पायाचे अक्षर, किरण कुठूनही येवोत.

डेक्युबिटस, म्हणजे कुशीवर झोपवून काढलेल्या, फिल्मचे नाव खाली असलेल्या कुशीवरून ठरते. 'डावी डेक्युबिटस' म्हणजे मूल डाव्या कुशीवर. या फिल्मवर अक्षर आणि वरच्या दिशेचा बाण दोन्ही हवेत, नाहीतर वाचणाऱ्याला कोणती कुशी वर आहे ते कळत नाही. कोणती कुशी खाली ठेवायची हे शंकेवर अवलंबून असते. फुप्फुसाबाहेर पाणी शोधायचे असेल तर संशयित बाजू खाली, बाहेर साठलेली हवा शोधायची असेल तर संशयित बाजू वर. लहान मुलाने शेंगदाणा किंवा हरभऱ्याचा दाणा श्वासनलिकेत ओढला असेल आणि सांगितल्याबरहुकूम श्वास सोडता येत नसेल, तर संशयित बाजू खाली ठेवतात. निरोगी फुप्फुस खाली आले की दबते, अडकलेले फुप्फुस हवेने फुगलेलेच राहते. या फिल्मवर बाजू चुकली तर ब्रॉन्कोस्कोप (श्वासनलिकेत घालायची दुर्बीण) उलट फुप्फुसात आधी जाईल. डाव्या-उजव्या दोन्ही फिल्म काढल्या असतील तर त्यांची अदलाबदल सहज होते, म्हणून दोन्हींवर मार्कर आणि बाण.

पाठीच्या कण्याची फिल्म वेगळी का?

स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे कणा बाजूला वाकलेला असताना, वाढत्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, फिल्म अनेकदा वर्षानुवर्षे काढाव्या लागतात. किरण पाठीकडून दिले की स्तनांच्या आणि थायरॉइडच्या ऊतींना कमी किरण मिळतात, म्हणून पीए काढतात. आणि कण्याचे शल्यचिकित्सक ती फिल्म पाठीमागून पाहिल्यासारखी लावतात, कारण तपासणी आणि शस्त्रक्रिया दोन्ही पाठीकडूनच असतात. तेव्हा मुलाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्याही उजव्या हाताला येते. छातीच्या नियमाच्या बरोबर उलट.

किशोरवयातल्या नेहमीच्या स्कोलिओसिसमध्ये छातीच्या भागातला बाक बहुतेक वेळा उजवीकडे असतो. डावीकडे बाक असेल तर मज्जारज्जूत काही आहे का हे पाहण्यासाठी एमआरआयचा विचार करतात. उलट लावलेल्या फिल्मने एका मुलीला विनाकारण एमआरआय होतो, आणि दुसरीचा खरोखर हवा असलेला राहून जातो. कण्याच्या फिल्मवर वर आणि खाली असे दोन मार्कर लावणे चांगले. लांब फिल्म दोन-तीन तुकड्यांची जोडून होते, त्यामुळे प्रत्येक तुकड्यावर अक्षर हवे.

हाडांचे वय पाहायला कोणता हात?

डावा. ग्रॉयलिख आणि पाइल यांची तसेच टॅनर आणि व्हाइटहाउस यांची पद्धत डाव्या हातावर आणि मनगटावर बांधलेली आहे. डाव्या मनगटाला जुने फ्रॅक्चर किंवा प्लॅस्टर असेल तर उजवा काढतात, पण तसे फिल्मवर आणि रिपोर्टमध्ये लिहितात. दोन्ही हातांतला फरक सहसा थोडाच असतो. तरी पुढच्या तपासणीला तोच हात हवा, म्हणून मार्कर इथेही सुटू नये.

दोन्ही कोपरे किंवा दोन्ही पाय एकाच फिल्मवर घेतले तर?

दोन्ही अक्षरे लावा, आपापल्या बाजूला. मुलाच्या कोपरात वाढीची केंद्रे वेगवेगळ्या वयात दिसू लागतात आणि ती तुटलेल्या तुकड्यासारखी भासतात. म्हणून काही डॉक्टर दुसऱ्या कोपराची फिल्म मागतात. ती गरज असेल तरच काढावी, सरसकट नाही. काढलीच तर दुखऱ्या आणि निरोगी बाजूच्या फिल्म एकाच फोल्डरमध्ये जातात, आणि मार्कर नसेल तर कोणती कुठली हे कायमचे हरवते.

नितंबाच्या सांध्याच्या फिल्मला, म्हणजे जन्मजात निखळणे किंवा पर्थीज रोग (मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होणे) पाहताना, कमरेच्या हाडाच्या बाहेर एक अक्षर पुरते. बेडकासारखे पाय फाकवून काढलेल्या दुसऱ्या फिल्मवर ते पुन्हा लावावे.

मूल किंवा पालक चुकीची बाजू सांगतात, तेव्हा काय करायचे?

सहा-सात वर्षांखालच्या मुलाच्या 'डावा' किंवा 'उजवा' या शब्दावर जाऊ नये. समोरच्या माणसाची डावी बाजू ओळखणे मुलांना त्याहूनही उशिरा जमते. बोट लावून दाखवायला सांगा. आई मुलाला कडेवर घेऊन किंवा समोर धरून सांगते तेव्हा तीही आपल्या बाजूने बोलत असते. तिला हात लावून दाखवायला सांगा.

मागणीपत्रावर डावा आणि मूल उजवा दाखवते, असे झाले तर स्वतः ठरवू नका. एक्स्पोजर न देता मागणी करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. दोन्ही बाजू काढून टाकू हा तोडगा सोपा वाटतो, पण निम्मे किरण वाया जातात.

आणखी एक बारकावा. बाळाच्या हातातले वाळे, मनगटी, काळा दोरा, ताईत काढून ठेवा. धातूचा मणी फिल्मवर उमटतो. वाळे कोणत्या हातात होते यावरून बाजू लावायचा मोह नंतर होतो, त्याला थारा देऊ नये. मूल धरणाऱ्याने शिशाचा एप्रन घालावा, ती गरोदर नसावी, आणि तिच्या बांगड्या, बोटे मार्करवर येणार नाहीत हे पाहावे.

मार्कर राहिला किंवा चुकीचा लागला. आता पुन्हा एक्स-रे काढायचा?

लगेच नाही. छातीच्या एका फिल्मचा डोस फार थोडा असतो, मोठ्या माणसात ०.०२ मिलिसिव्हर्टच्या आसपास. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. तरीही मुलांच्या बाबतीत टाळता येणारा प्रत्येक एक्स्पोजर टाळावा.

ज्याने फिल्म काढली तो टेक्निशियन समोर असेल, मूल अजून विभागात असेल आणि बाजूबद्दल शंका नसेल, तर अक्षर संगणकावर टाकावे. त्यासोबत 'एक्स्पोजरनंतर टाकले', टाकणाऱ्याची आद्याक्षरे आणि वेळ लिहावी. चुकीचे शिशाचे अक्षर झाकू किंवा कापू नये. मूळ प्रतिमा तशीच ठेवून दुरुस्तीची नोंद वर करावी, रेडिओलॉजिस्टला आणि मागणी करणाऱ्या डॉक्टरांना फोनवर सांगावे. चुकीची प्रतिमा पॅक्समधून (प्रतिमा साठवणाऱ्या संगणक प्रणालीतून) गुपचूप पुसली तर ज्याने ती आधीच पाहिली आहे त्याला बदल कळत नाही.

हातापायाची फिल्म असेल, काढणारा निघून गेला असेल आणि मुलावर जखमेची खूण नसेल, तर पुन्हा काढण्यावाचून मार्ग नाही. छातीच्या बाबतीत जुनी मार्कर असलेली फिल्म, हृदयाचे ठोके कुठे ऐकू येतात, आणि पोटाच्या सोनोग्राफीत यकृत कोणत्या बाजूला आहे, यांवरून बहुतेक वेळा उलगडा होतो. ईसीजीवर विसंबताना जपून. हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या तरी, हृदय उजवीकडे असताना दिसतात तशाच, पहिल्या लीडमध्ये (ईसीजीच्या पहिल्या नोंदीत) लाटा उलट्या दिसतात. छातीवरच्या लीडमधली लाटांची चढण नेहमीसारखी असेल तर दोष वायरींचा.

संगणकात बाजूची नोंद असतेच, तिच्यावर विसंबावे का?

डायकॉम (वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचा ठरलेला प्रकार) फाइलमध्ये 'पेशंट ओरिएंटेशन' आणि 'इमेज लॅटरॅलिटी' अशी खाती असतात. ती बहुधा निवडलेल्या प्रोटोकॉलवरून भरली जातात, म्हणजे प्रोटोकॉल चुकला तर तीही चुकतात. मार्कर आणि ही खाती जुळत नसतील तर रिपोर्ट थांबवून विचारणा करावी.

सुई किंवा नळी घालण्याआधी डॉक्टरांनी काय पाहावे?

न्यूमोथोरॅक्समध्ये, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असताना, छातीत सुई घालण्याआधी तीन गोष्टी एकमेकांशी जुळल्या पाहिजेत: फिल्मवरचे शिशाचे अक्षर, स्टेथोस्कोपने कमी ऐकू येणारी बाजू, आणि तान्ह्या बाळात थंड प्रकाशाचा दिवा लावल्यावर उजळणारी बाजू. बाळ कोसळत असेल आणि फिल्मची वाट पाहायला वेळ नसेल, तर तपासणी आणि दिवा यांवरच निर्णय घ्यावा लागतो. फॅलोज टेट्रालॉजी (हृदयाचा एक जन्मजात दोष) असलेल्या सुमारे चौथाई मुलांत महाधमनीची कमान उजवीकडे असते. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने करायची हे ठरवताना ही माहिती लागते, तेव्हा 'कमान उजवीकडे' या शब्दांमागे मार्कर असलेली फिल्म हवी.

मार्कर कोणते घ्यावेत आणि किती?

प्रत्येक टेक्निशियनची स्वतःची जोडी, त्यावर आद्याक्षरे. त्यामुळे फिल्म कोणी काढली हेही कळते आणि मार्कर हरवायचे प्रमाण कमी होते. डावी-उजवी वेगळ्या रंगात घ्या, पण सगळ्या विभागात एकच रंगसंगती हवी. छोट्या पोलादी गोळ्या असलेले गोल मार्कर मिळतात. मूल उभे असेल तर गोळ्या तळाशी जातात, झोपलेले असेल तर पसरतात. आतडे अडल्याची शंका असेल तेव्हा फिल्म उभ्याने की झोपून काढली हे त्यावरून कळते. मार्कर हरवला असेल तर त्या दिवसापुरते पोलादी क्लिप वाकवून केलेले अक्षर पट्टीने चिकटवले तरी चालते. दुसऱ्या दिवशी नवी जोडी मागवावी.

विभागात चुका किती होतात हे कसे मोजायचे?

महिन्यातून एकदा मुलांच्या सलग ५० फिल्म घ्या, निवडून नको. प्रत्येकीवर पाच गोष्टी पाहा: शिशाचे अक्षर आहे का, पूर्ण दिसते का, बरोबर आहे का, हाडावर किंवा फुप्फुसावर आलेले नाही ना, आणि संगणकावर कडा कापलेल्या नाहीत ना. एनआयसीयू आणि रात्रीची पाळी यांचे आकडे वेगळे ठेवा, तिथली कारणे वेगळी असतात. भारतात एक्स-रे विभागांवर देखरेख करणारे परमाणु ऊर्जा नियामक मंडळ मुंबईत आहे. त्याच्या परवान्यासाठी ठेवायच्या गुणवत्ता नोंदींसोबत ही नोंदही ठेवता येते.

पालकांनी फिल्म हाती आल्यावर काय पाहावे?

मुलाचे नाव, तारीख आणि बाजूचे अक्षर. नवजात बाळाच्या फिल्मवर 'बेबी ऑफ' आणि आईचे नाव असते. जुळी असतील तर पहिले की दुसरे हेही असावे. अक्षर दिसत नसेल तर काउंटरवर तिथेच विचारा. विचारण्यात संकोच वाटू देऊ नका, मूल विभागात असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते.

फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना पाठवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

फिल्म अशी धरा की नाव आणि अक्षर सरळ वाचता येईल. पारदर्शक फिल्म मागून धरली तरी चित्र स्पष्ट येते, फक्त बाजू बदलते. मागचा कॅमेरा वापरा. पुढचा कॅमेरा काही फोनमध्ये चित्र उलटवून साठवतो. चारही कोपरे फोटोत येऊ द्या, दुखरा भाग मोठा दिसावा म्हणून कापू नका. जवळचा फोटो हवाच असेल तर पूर्ण फिल्मचा एक आणि जवळचा एक असे दोन पाठवा. सोबत लिहा: मुलाचे वय, मुलाची कोणती बाजू दुखते, कधीपासून. दवाखान्याने डिजिटल लिंक किंवा सीडी दिली असेल तर फोटोपेक्षा तीच पाठवा.